सेंटरचा बुधवार

पहाटे ५:४५

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये रविवारी सामना, सोमवारी त्याची चिरफाड आणि मंगळवारी सुट्टी असते. त्यामुळे कामाचा आठवडा खऱ्या अर्थाने बुधवारी उघडतो. पहिल्याच वर्षात खेळणारा एखादा सेंटर, म्हणजे आक्रमक लाईनच्या पाच जणांत मधोमध उभा राहून क्वार्टरबॅकला चेंडू देणारा खेळाडू, डोळ्यांपुढे आणा. कुठल्या संघाचा, याला महत्त्व नाही. वेळा संघागणिक थोड्या मागेपुढे होतात, काम तेच असतं. वय २२-२३, वजन १३५ किलोच्या आसपास. तो गाडी लावून इमारतीत शिरतो तेव्हा बाहेर अंधारच असतो. आधी ट्रेनरचं टेबल: घोट्यांना पट्ट्या, मानेला शेक आणि चेंडू देणाऱ्या हाताची बोटं एकेक करून तपासणं. प्रत्येक डावाची सुरुवात त्या बोटांनी होते. एक हात चेंडूवर गुंतलेला असताना समोरच्या दीडशे किलोच्या माणसाचा पहिला धक्का झेलणारा मैदानावर तो एकटाच.

एप्रिलमध्ये संघाने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं. ३२ संघ, सात फेऱ्या, तीन दिवस: गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, शनिवारी उरलेल्या. कॉलेजातून बाहेर पडणारे सर्वोत्तम खेळाडू इथेच वाटले जातात आणि पहिल्या फेरीतली निवड ही संघाची वर्षातली सर्वांत मोलाची ठेव. ती सेंटरवर खर्च करावी का, हा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. व्यवहारात त्याचं उत्तर बहुतेकदा 'नको' असंच येतं. २०११ मध्ये मायामी डॉल्फिन्सने माईक पाऊन्सीला १५ व्या क्रमांकावर घेतलं. तेव्हापासून २०२५ पर्यंत त्याहून वर एकही सेंटर गेला नाही. आधी चेंडू फेकून खेळ चालवणारे क्वार्टरबॅक जातात, मग त्यांच्यावर धावून जाणारे, मग त्या धावून येणाऱ्यांना कडेला अडवणारे टॅकल. सेंटरची पाळी त्यानंतर.

या वादात फेऱ्यांचे आणि डॉलरांचे आकडे भरपूर येतात. सेंटर दिवसभर काय करतो, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. मला ती आधी व्हावी असं वाटतं.

७:००

व्यायामशाळा. पाय, कंबर, मान. सेंटरला हातांच्या लांबीपेक्षा खालून उठण्याचा जोर आणि पहिल्या दोन पावलांचा वेग लागतो. टायलर लिंडरबॉमच्या वेळी हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी हात ३२ इंचांना पुरत नाहीत आणि वजन ३०० पौंडांच्या आत आहे, यावर महिनोन्महिने चर्चा झाली. अखेर बाल्टिमोर रेव्हन्सने २०२२ मध्ये २३ वरून २५ व्या क्रमांकावर उतरून, वर चौथ्या फेरीची एक निवड पदरात पाडून त्याला घेतलं. बाजूच्या खेळाडूला वळसा घालून त्याच्या बाहेरच्या खांद्यापर्यंत पोहोचणं हे सेंटरचं अतिशय अवघड काम. ते तो पहिल्या हंगामापासून सफाईने करू लागला. मोजपट्टीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी त्याच्या चित्रफिती पुन्हा पाहाव्यात.

८:३०

लाईनची खोली. पाच-सहा रांगा खुर्च्या, पुढे पडदा. आज पहिल्या आणि दुसऱ्या डाउनची, म्हणजे प्रयत्नाची, आखणी, उद्या थर्ड डाउन, परवा गोलरेषेजवळचा खेळ. बुधवारी सर्वांत जास्त नवीन माहिती अंगावर येते, आणि सेंटरच्या वाट्याला शेजाऱ्यांपेक्षा अधिक येते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गार्डना आपलं काम पाठ असलं की पुरतं. सेंटरला पाचही जणांचं काम माहीत असावं लागतं, कारण रविवारी ते मोठ्याने सांगायचं असतं त्यालाच.

पडद्यावर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा बचाव दिसतो. पुढे चौघे वाकलेले, मागे दोघे उभे, आणि सर्वांत मागे राखण करणारा एक सेफ्टी कधी पुढे सरकतो, कधी मागे हटतो. आपल्याकडे क्वार्टरबॅकला राखणारे साधारण पाच, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक धरून सहा. समोरून किती येणार आणि कुठून, याचा अंदाज चेंडू हलण्यापूर्वी बांधायचा. सेंटर मागच्या फळीतल्या एकाकडे बोट करून ओरडतो, "बावन्न माईक!" माईक म्हणजे मोजणीचा मध्य. त्या बोटापासून डावीकडचे कोणी घ्यायचे, उजवीकडचे कोणी, रनिंग बॅकने कुणावर नजर ठेवायची, हे सगळं ठरतं. मग दुसरी हाक: लाईन डावीकडे सरकणार की उजवीकडे. ती हाक गार्ड टॅकलपर्यंत पोहोचवतो. मधला माईक चुकीचा नेमला तर पाचही जण आपापलं काम चोख करूनही एक गडी मोकळा सुटतो आणि क्वार्टरबॅकच्या पाठीत येऊन आदळतो. प्रेक्षकांना टॅकल हरला असं वाटतं. खोलीत बसलेल्यांना कारण ठाऊक असतं.

वेळ किती, तर दोन डावांमध्ये ४० सेकंदांचं घड्याळ. त्यातले १५ उरले की प्रशिक्षकाचा क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला आवाज बंद होतो. त्यापुढे मैदानावरच्यांनीच पाहायचं आणि ठरवायचं. समोरचे याच क्षणाची वाट पाहत असतात. घड्याळ पाच-सहावर आलं की ते जागा बदलतात. सेंटरला हाक मागे घेऊन नवी द्यावी लागते आणि मग चेंडूही द्यावा लागतो.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण ड्राफ्टच्या प्रश्नाची किल्ली मला तिच्यात दिसते. ही वाचनाची जबाबदारी सेंटर आणि क्वार्टरबॅक यांच्यात विभागलेली असते आणि विभागणी प्रत्येक संघात वेगळी. पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक स्वतःच सगळं पाहायचा. त्याच्यासमोर वर्षानुवर्षं चेंडू घेऊन वाकणारा इंडियानापोलिसचा जेफ सॅटर्डे ड्राफ्टमध्ये कुणी निवडलेलाच नव्हता. दोघांनी मिळून ती भाषा घडवली. पण क्वार्टरबॅक २२ वर्षांचा असेल तर? शिकागो बेअर्सने २०२४ मध्ये पहिल्याच क्रमांकावर केलेब विल्यम्सला घेतलं आणि त्या हंगामात तो ६८ वेळा चेंडूसकट आडवा झाला. त्यात त्याच्या स्वतःच्या चुका होत्या, लाईनच्या होत्या, मधल्या हाकांच्याही होत्या. पुढच्या मार्चमध्ये संघाने अटलांटाचा सेंटर ड्रू डॉलमन तीन वर्षांच्या ४ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर आणला. तो डॉलमन स्वतः २०२१ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत गेला होता.

१०:४५

वॉक-थ्रू. हेल्मेट नाहीत, धावणं नाही. सकाळी पडद्यावर पाहिलेलं चालत चालत करून बघायचं. सेंटर चेंडूवर वाकतो आणि पाच यार्ड मागे उभ्या क्वार्टरबॅककडे पायांमधून तो फेकतो. मागे न पाहता. सामन्यात हे साठ-पासष्ट वेळा, हंगामात हजारभर वेळा. चेंडू प्रत्येक वेळी त्याच उंचीवर, त्याच वेगाने यावा लागतो. फूटभर उंच गेला तरी क्वार्टरबॅकची नजर बचावावरून हटते आणि डावाची लय जाते. पाण्यात भिजवलेला चेंडूही मुद्दाम सरावात असतो.

चुकला तर काय होतं, याचं उदाहरण २ फेब्रुवारी २०१४ चं आहे. डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि सिॲटल सीहॉक्स, सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना, त्यातला पहिलाच डाव. तोवर डेन्व्हरला आलेला मॅनिंग हाक बदलायला पुढे येत होता. गोंगाटात सेंटरला वाटलं चेंडू मागितला. चेंडू मॅनिंगच्या कानाजवळून डेन्व्हरच्याच गोलरेषेमागे गेला आणि १२ सेकंदांत सिॲटलला दोन गुण मिळाले. डेन्व्हर तो सामना ४३-८ असा हरलं. दोघेही अनुभवी होते, हाका दोघांनाही पाठ होत्या. ऐकू आलं नाही, इतकंच.

१२:१५

जेवण. चिकन, भात, पास्ता, आणि लाईनवाल्यांच्या ताटात सगळंच दुप्पट.

जेवता जेवता पैशांकडे वळू, कारण सेंटरला लवकर घेऊ नये म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथे आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार होतो आणि संघाला हवं असल्यास पाचवं वर्षही आपल्याकडे ठेवता येतं. तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ते ठरवायचं. दुसऱ्या फेरीपासून पुढे ही सोय नाही. पहिल्या फेरीचं निम्मं मोल मला या पाचव्या वर्षात दिसतं: चांगला खेळाडू आणखी एक वर्ष ठरलेल्या दरात.

पण तो दर ठरवताना लीग टॅकल, गार्ड आणि सेंटर यांना एकाच रकान्यात बसवते. रकान्याचा भाव चढवतात टॅकल. म्हणून २०२५ मध्ये लिंडरबॉमच्या पाचव्या वर्षाची किंमत निघाली सुमारे २ कोटी ३४ लाख डॉलर. त्या वेळी लीगमधला सर्वांत महाग सेंटर होता कॅन्सस सिटी चीफ्सचा क्रीड हम्फ्री. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झालेला त्याचा करार चार वर्षांचा ७ कोटी २० लाखांचा, म्हणजे वर्षाला १ कोटी ८० लाख. रेव्हन्सने लिंडरबॉमचं पाचवं वर्ष सोडून दिलं. मुलगा उत्तम, निवड अचूक, दोनदा प्रो बोलच्या मानाच्या यादीत गेलेला, आणि तरी पहिल्या फेरीची खास सवलत संघाला वापरता आली नाही.

हा नियम बदलायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. टॅकल आणि सेंटर यांचे बाजारभाव वेगळे असतील तर त्यांचे रकानेही वेगळे हवेत. आजच्या नियमात जो संघ सेंटर पहिल्या फेरीत घेतो, तो चारच वर्षांची खरेदी करतो. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

१:३०

मैदान. पहिली वीस मिनिटं क्वार्टरबॅकबरोबर चेंडूची देवाणघेवाण, मग लाईनचे स्वतंत्र सराव, मग जोडीने अडवण्याचा सराव: गार्ड आणि सेंटर मिळून बचावाच्या मधोमध उभ्या नोज टॅकलला मागे रेटतात आणि दोघांतला एक योग्य क्षणी सुटून मागच्या लाईनबॅकरकडे चढतो. कधी सुटायचं, हे सांगून शिकवता येत नाही. फार लवकर सुटला तर नोज टॅकल गार्डला फोडून आत शिरतो. उशीर झाला तर लाईनबॅकर तोवर चेंडू घेऊन धावणाऱ्यापाशी पोहोचलेला असतो. आपला नवखा आज दोनदा लवकर सुटतो. प्रशिक्षक शिट्टी वाजवून पुन्हा उभं करतात.

पुढचा सामना परक्या मैदानावर आहे, म्हणून दुसऱ्या तासात कर्णे लावून प्रेक्षकांचा गोंगाट सोडला जातो. आता हाका चालत नाहीत. क्वार्टरबॅक पाय उचलतो, उजवा गार्ड मागे वळून ते पाहतो, सेंटरच्या मांडीवर थाप मारतो, सेंटर मान वर उचलतो आणि ठरलेल्या अंतराने चेंडू देतो. टॅकलची नजर त्या वर उठणाऱ्या हेल्मेटवर असते. प्रत्येक वेळी अंतर तेच ठेवलं तर समोरचे ते ओळखतात, म्हणून तेही बदलत राहायचं. अशा आवाजात माईक कोण हे दाखवायला फक्त बोट उरतं.

घशाचं काम किती मोठं असतं ते डेट्रॉइट लायन्सच्या फ्रँक रॅगनाऊने दाखवलं. डिसेंबर २०२० मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध खेळताना त्याच्या घशाला फ्रॅक्चर झालं आणि त्याने तो सामना पूर्ण केला. २०१८ च्या पहिल्या फेरीत २० व्या क्रमांकावर आलेला हा मुलगा पहिलं वर्ष गार्ड म्हणून खेळला, मग मधोमध आला आणि हरणाऱ्या लायन्सना जिंकणारे लायन्स करण्यात त्याचा वाटा मोठा होता. जून २०२५ मध्ये, २९ व्या वर्षी, शरीर साथ देईना म्हणून त्याने निवृत्ती घेतली. लवकर निवडलेल्या सेंटरबद्दल बोलताना हा शेवटही मोजावा लागतो.

४:००

सरावाची चित्रफीत. नवख्याच्या दोन्ही चुका पडद्यावर पुन्हा पुन्हा येतात. मी निवड करणाऱ्यांपैकी असतो तर कॉलेजातल्या मुलाच्या बाबतीत हेच शोधलं असतं: चूक दिसल्यावर पुढच्या डावात तो काय करतो.

रॅगनाऊ २० वा गेला, त्याच्या पाठोपाठ २१ व्या क्रमांकावर सिनसिनाटी बेंगल्सने ओहायो स्टेटचा बिली प्राइस घेतला. जागा तीच, फेरी तीच, गाजावाजा बहुधा प्राइसचा अधिक. कॉलेजच्या सर्वोत्तम सेंटरला मिळणारी रिमिंग्टन ट्रॉफी त्याच्याकडे होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये संघाने त्याला न्यूयॉर्क जायंट्सकडे पाठवून दिलं. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीच्या अखेरीस पुन्हा अशीच जोडी दिसते. ६२ वा ग्रीन बेने जॉश मायर्स घेतला, ६३ वा कॅन्सस सिटीने क्रीड हम्फ्री. चीफ्स फेब्रुवारीतच टँपा बेकडून ३१-९ असा सुपर बोल हरले होते आणि त्या संध्याकाळी पॅट्रिक माहोम्सला नीट उभंही राहता आलं नव्हतं. त्यांनी पाचही जागा नव्याने भरल्या. मधली जागा हम्फ्रीने घेतली ती आजवर. मायर्स वाईट नव्हता, पण करार संपल्यावर ग्रीन बेने त्याला थांबवलं नाही.

सेंटरमधल्या फरकाला फार किंमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी या दोन जोड्यांकडे नीट पाहावं. दोन्ही वेळा दोन संघ शेजारी शेजारी उभे होते आणि आधी निवडणाऱ्यासमोर दोन्ही नावं होती. फरक होता मुलाला ओळखण्यात. आणि ओळखणं कठीण आहे. कॉलेजातल्या बऱ्याच संघांत खेळाडू मैदानाबाहेर उभ्या प्रशिक्षकाच्या खुणा पाहून सगळं ठरवतात, सेंटरला स्वतःहून वाचायची संधीच मिळत नाही. म्हणून फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला होणाऱ्या ड्राफ्टपूर्व चाचण्यांच्या मुलाखतीत त्याला फळ्यापाशी उभं करतात, बचाव काढून देतात आणि विचारतात, माईक कोण, का, आणि हा सेफ्टी खाली आला तर? चाळीस यार्डांच्या धावेपेक्षा मला ती मिनिटं जास्त बोलकी वाटतात.

दुसरी वाटही अलीकडे रुळली आहे. टँपा बेने २०२४ मध्ये २६ व्या क्रमांकावर घेतलेला ग्रॅहम बार्टन ड्यूक विद्यापीठात डावा टॅकल म्हणून उभा राहायचा. इथे त्याला मध्ये आणलं. मध्ये जमलं नाही तर गार्ड करता येईल, हा त्यातला विमा. मात्र हाच विमा उलटतोही. न्यू ऑर्लिन्स सेंट्सने २०२० मध्ये २४ व्या क्रमांकावर सेझर रुईझ घेतला आणि तो गार्ड झाला, कारण आदल्या वर्षी दुसऱ्या फेरीत मिळालेला एरिक मकॉय मधल्या जागेवर घट्ट बसला होता.

माझा कौल असा. पहिल्या १२-१५ निवडींत सेंटर नको. विशीच्या पुढच्या क्रमांकावर उभे असाल, क्वार्टरबॅक कोवळा असेल आणि फळ्यापाशी उभं राहून त्याच्या वाट्याची मोजणी करून दाखवणारा मुलगा समोर असेल, तर घ्या. घेताना डॅलस काउबॉइजची २०१३ ची चाल आठवा: १८ वरून ३१ पर्यंत खाली उतरून, तिसऱ्या फेरीची जादा निवड खिशात घालून त्यांनी ट्रॅव्हिस फ्रेडरिकला घेतलं. त्या रात्री त्यांच्यावर सडकून टीका झाली आणि फ्रेडरिकच्या दुसऱ्याच हंगामात, २०१४ मध्ये, त्याच लाईनच्या मागून डिमार्को मरे १८४५ यार्ड धावला. क्वार्टरबॅक मुरलेला असेल तर मात्र शुक्रवारपर्यंत थांबा.

५:४५

दिवसाची शेवटची बैठक. क्वार्टरबॅक, सेंटर आणि क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक, तिघेच. दिवसभरातल्या हाकांची यादी समोर आहे आणि जिथे दोघांनी वेगळं पाहिलं तिथे रेघ मारलेली.

शुक्रवारपर्यंत थांबणाऱ्यांच्या बाजूने अशाच खोल्यांतून पुरावा देता येतो. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सकडे ६३ वा हम्फ्री होता आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडे २०११ च्या सहाव्या फेरीतला १९१ वा जेसन केल्सी, जो १३ हंगाम खेळला. पुढच्या वर्षी हम्फ्रीसमोर सॅन फ्रान्सिस्कोचा जेक ब्रेंडल, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नव्हतं. २०२५ मध्ये पुन्हा हम्फ्री, आणि ईगल्सकडून कॅम जर्गन्स, २०२२ च्या दुसऱ्या फेरीतला ५१ वा. तिन्ही सामन्यांत पहिल्या फेरीतला सेंटर एकही नव्हता.

जर्गन्सची कथा मला यातली सर्वांत शिकण्याजोगी वाटते. ड्राफ्टच्या आधी ईगल्सने सेंटरविषयीचं मत केल्सीला विचारलं होतं, आणि जर्गन्स त्याला पसंत होता. त्यानंतर दोन वर्षं तो केल्सीबरोबर त्याच खोलीत बसला. एक वर्ष जवळजवळ नुसता पाहत, दुसरं गार्ड म्हणून खेळत. केल्सी निवृत्त झाल्यावर तो मध्ये आला आणि त्याच हंगामात संघ जिंकला. ५१ वी निवड स्वस्तात पडली असं म्हणताना ती दोन वर्षंही हिशेबात धरायला हवीत. आपल्या नवख्याला ती मिळालेली नाहीत. त्याच्या खोलीत केल्सी नाही, आणि रविवारी त्यालाच उभं राहायचं आहे.

यादीतल्या तिसऱ्या रेघेवर क्वार्टरबॅक थांबतो. इथे तू डावीकडे सरकवलीस, मला उजवीकडून येताना दिसत होता. सेंटर चित्रफीत मागे नेतो, लाईनबॅकरच्या मागच्या पायाकडे बोट दाखवतो: टाच उचललेली नाही, म्हणजे तो येणार नव्हता. प्रशिक्षक पुन्हा पाहतात, मान हलवतात. मग ठरतं की रविवारी या रचनेत सेंटरचीच हाक चालेल आणि क्वार्टरबॅकने ती फक्त सेफ्टी खाली आला तरच बदलायची. सेंटर ते वहीत लिहून घेतो. उद्याच्या थर्ड डाउनच्या ब्लिट्झची, म्हणजे समोरून जादा गडी धावून येतात त्या डावांची, यादी अजून उघडायची आहे. ती तो टॅबलेटवर घरी घेऊन जातो.